आधी बाथरूमचं दार मोजा, मग भाड्याचं बोला

तुम्ही लिहिलंय की लातूरहून खराडीला नोकरी लागलीय, मणक्याच्या दुखापतीनंतर चार वर्षं व्हीलचेअरवर आहात, सोबत आई येणार, बजेट 12 हजार, आणि ‘व्हीलचेअर’ म्हटलं की एजंट पुन्हा फोनच उचलत नाहीत. मी पोलिओवाली. आधी पायाला कॅलिपर (धातूच्या पट्ट्यांचा आधार), आता नऊ वर्षं खुर्ची. पुण्यात भाड्याची सहा घरं झाली, शिवाय एक टोकन देऊन सोडलेलं. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिली चूक आपण सगळेच करतो, एजंटला ‘ग्राउंड फ्लोअर’ सांगतो. नव्या बिल्डिंगांत खाली पार्किंग असतं, ग्राउंड फ्लोअर हा प्रकारच नसतो. जुन्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांत असतो, पण जोतं उंच, म्हणून आत शिरतानाच तीन-चार पायऱ्या. लिफ्ट असली तरी पार्किंगमधून लिफ्टपर्यंत एखादी पायरी हमखास लपलेली असते. म्हणून मी मजला विचारतच नाही. ‘रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती?’ एवढंच विचारते. बरेच जण ‘नाहीच हो’ म्हणतात आणि तिथे गेलं की दोन निघतात. पायऱ्या चढणाऱ्याला दोन पायऱ्या दिसतच नाहीत, त्यात खोटेपणा नसतो.

‘फळी टाकू की’ म्हणणाऱ्या मालकावर विसंबू नका. रॅम्पचा हिशोब साधा आहे, एक इंच चढाला एक फूट लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प, तो घडीचा मिळतो, जमतं. तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट. तेवढी जागा बहुतेक सोसायट्यांत नसते, आणि असली तर तिथे कोणाची तरी गाडी लागते.

आता बाथरूम. टोकन सोडलेलं घर खरं तर छान होतं, हवा खेळती, मालकीणबाई प्रेमळ. हॉल पाहिला, ओटा पाहिला, पाच हजार देऊन आले. दुसऱ्या दिवशी भाऊ टेप घेऊन गेला. माझी खुर्ची साडेचोवीस इंच, बाथरूमचं दार उघडून उरणारी वाट बावीस. बाईंनी पैसे परत दिले नाहीत, मीही फार ताणलं नाही. पुढच्या घरी पंचवीसला थोडंच कमी होतं, तिथे मालकाला विचारून दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि प्लॅस्टिकचा पडदा लावला. दाराच्या फळीची जाडी वाचली, सव्वा इंच मिळाला, त्यात सात वर्षं काढली. म्हणून एजंटकडून फोटो नको, व्हिडिओ मागा, गेटपासून कमोडपर्यंत एका दमात चाललेला. आणि एखाद्या मित्राला टेप घेऊन पाठवा. चौकटीचं माप नको, दार उघडल्यावर जी मोकळी जागा उरते तिचं माप हवं. इंडियन संडास असेल तर तिथेच नमस्कार.

12 हजारांबद्दल. वाघोलीत या पैशात काहीतरी मिळेल. पण तिथून खराडी सात-आठ किलोमीटर, रिक्षाने जाऊन-येऊन महिन्याला पाच-साडेपाच हजार सहज जातील, नगर रोडच्या गर्दीत वेळ जाईल तो वेगळाच. त्यापेक्षा खराडीजवळच्या चंदननगर-वडगाव शेरीला पंधरा-सोळात मिळालं तर तेच खरं स्वस्त. तुमची बाजूची चाकं लावलेली स्कूटर असेल तर गणित पालटेल, मग पार्किंग मात्र आधी बघा, तिला दीड गाडीची जागा लागते.

अपंगत्व कधी सांगायचं? एजंटला फक्त मापं आणि पायऱ्या सांगा. मालकाला घर बघायला जाण्याआधी फोनवर स्वतःच सांगा, सुरुवात नोकरी आणि पगारापासून करून. मालकांची भीती ठरलेली, ‘पडलाबिडलात तर जबाबदारी कोणाची?’ मी म्हणते, ‘माझी. बारा वर्षं एकटी राहतेय, तुमच्याकडे फक्त भाडं येईल.’ दहातले सात तरीही टाळतात. उरलेल्या तिघांकडे जायचं.

एका सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्याकडे डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं होतं. दिलं नाही. भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचं असतं, परवानगीसाठी हात जोडायचे नसतात. आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ते जादा पैसे, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुढे घेता येत नाहीत. हे मालकाला माहीत असलं की त्याचाही धीर वाढतो.

कायद्याचं विचाराल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा जरूर आहे, त्यात सरकारी घरवाटप योजनांत पाच टक्के आरक्षण आहे, म्हाडाच्या सोडतीत दिव्यांगांचा कोटा असतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर त्यासाठी काढा आणि अर्ज भरत राहा. पण ती विकत घ्यायची घरं. पुढच्या महिन्यात भाड्याचं घर त्यातून मिळणार नाही.

करार अकरा महिन्यांचाच करायचा असं कुठेही लिहिलेलं नाही, ती नुसती सवय आहे. चोवीस किंवा छत्तीस महिने मागा. आपल्याला दर वर्षी घर बदलणं परवडत नाही, दर वेळी दांडे, रॅम्प, कमोडची उंची, सगळं नव्याने. वाढ किती टक्के ते करारातच येऊ द्या. बाथरूममध्ये धरायचे दांडे बसवायची परवानगी आणि जाताना भोकं बुजवून द्यायची कबुलीही लिहा. तोंडी ‘हो हो’ला दुसऱ्या वर्षी अर्थ राहत नाही. नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची. अंगठ्यासाठी मशीन घेऊन माणूस घरी येतो, तुम्हाला कुठे जावं लागत नाही. जुनी बिल्डिंग असेल तर रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय ते वॉचमनला विचारा, मालक सांगणार नाही. माझं पाचवं घर त्यातच गेलं.

आणि घर बघायला रात्री नऊनंतर जा. दुपारी गेटपासून लिफ्टपर्यंत मोकळी दिसलेली वाट रात्री बाइकांनी भरलेली असते. तुम्ही ऑफिसमधून परत येणार ते त्याच वेळी.