सोळा गोल्ड ग्लव्ह मोठे की तेरा?

वाचकांचे प्रश्न : बेसबॉलचं क्षेत्ररक्षण

गेल्या अंकातल्या लेखात बाल्टिमोर ओरिओल्स संघाच्या, थर्ड बेसवर खेळणाऱ्या ब्रुक्स रॉबिन्सनला ‘बेसबॉलमधला आजवरचा सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षक’ म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. नवख्यांसाठी : गोल्ड ग्लव्ह म्हणजे प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला दरवर्षी मिळणारा पुरस्कार. मैदानाचे चार कोपरे म्हणजे होम प्लेट, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेस; बॅटर प्लेटवरून निघून ओळीनं ते घेत परत घरी आला की एक धाव.

रॉबिन्सनकडे १६ गोल्ड ग्लव्ह, ऑझी स्मिथकडे १३. मग वाद उरतोच कुठे? – वाचक, ठाणे

पुरस्कार मोजूनच ठरवायचं असेल तर दोघेही बाद होतात. ग्रेग मॅडक्सकडे १८ आहेत, आणि तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पिचरच्या वाट्याला एका सामन्यात दोन-तीन चेंडू आले तरी पुष्कळ.

गोल्ड ग्लव्ह १९५७ पासून दिला जातो. मत संघांचे मॅनेजर आणि कोच देतात, स्वतःच्या खेळाडूला मात्र देता येत नाही. एकदा नाव बसलं की ते पुढच्या वर्षीही सहज लिहिलं जातं. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, तेव्हा त्या हंगामात तो फर्स्ट बेसवर खेळला होता जेमतेम २८ सामने. बाकी वर्षभर तो फक्त बॅटिंग करत होता. २०१३ पासून निकालात साधारण चौथा हिस्सा आकडेवारीचा धरतात, त्यामुळे असले विनोद आता कमी झाले.

आता मुद्द्याचं. प्रत्येक चेंडूच्या नोंदींवरून, त्याच जागी खेळणाऱ्या सरासरी खेळाडूपेक्षा यानं किती धावा वाचवल्या, याचा अंदाज काढतात. त्यात रॉबिन्सन सुमारे २९० धावांवर आहे आणि ऑझी सुमारे २४० वर. इथे रॉबिन्सन पुढे. पण रॉबिन्सनची तुलना झाली थर्ड बेसच्या खेळाडूंशी आणि ऑझीची शॉर्टस्टॉपशी. शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा. तिथे उभा राहणारा सरासरी खेळाडूसुद्धा मुळात चांगला क्षेत्ररक्षक असतो, नाहीतर त्याला तिथे कोणी उभंच करत नाही. कामाचा बोजा पाहा. शॉर्टस्टॉपनं एका हंगामात फेकून दुसऱ्याला आउट करायला मदत केल्याचा विक्रम ऑझीचा, १९८० मधला, ६२१ वेळा. थर्ड बेसवरचा विक्रम ग्रेग नेटल्सचा, १९७१ मधला, ४१२. जागेच्या कठीणपणाची भर घातली की क्षेत्ररक्षणातून मिळवून दिलेल्या विजयांच्या हिशोबात ऑझी ४४ वर जातो, रॉबिन्सन ३९ वर थांबतो.

म्हणून आमचं मत ऑझीकडे झुकतं. गेल्या अंकातलं विधान ‘थर्ड बेसवरचा सर्वश्रेष्ठ’ इतकं आखडून घ्यावं लागेल.

ऑझी काय करायचा हे एका चेंडूवरून कळतं. २० एप्रिल १९७८, सॅन डिएगो, समोर अटलांटाचा जेफ बरोज. ऑझीचा मोठ्या लीगमधला तो पहिलाच महिना. बरोजनं चेंडू सेकंड बेसच्या दिशेनं जमिनीलगत मारला. ऑझीनं डावीकडे सूर मारला, ग्लव्हचा हात पुढे. तो हवेत असतानाच चेंडू टप्पा घेऊन भलतीकडे उसळला, थेट त्याच्या डोक्यामागे. तर यानं आडव्या अंगानंच उजवा, ग्लव्ह नसलेला हात मागे नेला, उघड्या पंजात चेंडू पकडला, जमिनीवर आपटून तसाच उठला आणि फर्स्ट बेसवर फेकला. बरोज आउट. त्या झेपेपेक्षा अवघड होतं ते पडल्यावर वेळ न घालवता उठणं. पुढे १९८५ मध्ये खांदा दुखावल्यावर त्याची कारकीर्द तरली ती ह्याच गुणावर. हात जोरदार राहिला नाही, पण चेंडू हातातून सुटायला वेळच लागायचा नाही.

ज्याच्या चुका कमी तो चांगला, हा साधा नियम का चालत नाही? – वाचक, सोलापूर

कारण चूक करायला आधी चेंडूपर्यंत पोचावं लागतं.

बेसबॉलमध्ये ‘एरर’ अधिकृत स्कोअरर ठरवतो. साधारण प्रयत्नात जमायला हवं होतं ते जमलं नाही, तर एरर. ज्या चेंडूला हातच लागला नाही तो बॅटरचा हिट, क्षेत्ररक्षकाच्या खात्यात शून्य दोष. क्रिकेटमध्येही गलीतला जो क्षेत्ररक्षक हललाच नाही त्याच्या नावावर सुटलेला झेल लागत नाही, तसंच हे.

कल्पित हिशोब मांडू. दोन शॉर्टस्टॉप, दोघांच्या टापूत ७००-७०० चेंडू. पहिला ६०० पर्यंत पोचतो, १० चुका करतो : ५९० आउट, अचूकता .९८३. दुसरा ६४० पर्यंत पोचतो, २० चुका : ६२० आउट, अचूकता .९६९. कागदावर दुसरा दुप्पट ढिसाळ. प्रत्यक्षात त्यानं ३० आउट जास्त दिले. एक हिट अडवून आउट केला की साधारण पाऊण धाव वाचते, म्हणजे बावीसेक धावा. दहा धावांना एक विजय हा ढोबळ दर धरला तर हे दोन सामने झाले.

खरं उदाहरण हवं असेल तर डेरेक जीटर घ्या. न्यूयॉर्क यँकीजचा लाडका शॉर्टस्टॉप, पाच गोल्ड ग्लव्ह, कारकिर्दीची अचूकता .९७६. ऑझीची .९७८. दोन सहस्रांशांचा फरक! पण वाचवलेल्या धावांत ऑझी अधिक २४० च्या घरात, तर जीटर उणे दोनशेच्याही खाली. हातात आलेला चेंडू जीटर बहुतेक सोडायचा नाही, डावीकडून जाणाऱ्या चेंडूपर्यंत पोचायचा मात्र नाही. २००१ च्या प्लेऑफमध्ये त्यानं मैदान ओलांडून येऊन जेरेमी जियांबीला होम प्लेटवर आउट करायला चेंडू टोलवला, तो क्षण टीव्हीवर हजारदा दाखवला गेला. न अडवलेले शेकडो चेंडू कोण दाखवतो?

विली मेजचा १९५४ मधला झेल उगाच डोक्यावर घेतला जातो का? – वाचक, एडिसन, न्यू जर्सी

झेलापेक्षा त्यानंतरची फेक जास्त मोलाची होती, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. आठवी इनिंग, २-२ अशी बरोबरी, कोणी आउट नाही. क्लीव्हलंडचा लॅरी डोबी सेकंड बेसवर, अल रोझन फर्स्टवर. विक वर्ट्झनं मारलेला चेंडू चारशे फुटांहून लांब गेला. दुसऱ्या बहुतेक मैदानांवर तो होम रन (कुंपणापार गेलेला फटका) झाला असता, पण पोलो ग्राउंड्सचं मधलं कुंपण जवळजवळ पावणेपाचशे फुटांवर होतं. न्यूयॉर्क जायंट्सकडून सेंटर फिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मध्ये खेळणाऱ्या मेजनं प्लेटकडे पाठ करून धाव घेतली आणि खांद्यावरून येणारा चेंडू ओंजळीत घेतला.

बेसबॉलमध्ये झेल झाल्यावरही बेसवरचे खेळाडू पुढे पळू शकतात. मेज तिथे थांबला असता तर डोबी सेकंडवरून थेट घरी आला असता. इतक्या लांबच्या झेलावर दोन बेस घेणं अशक्य नव्हतं. मेज झेल घेताच गर्रकन वळला, टोपी उडाली, आणि चेंडू सेकंड बेसच्या दिशेनं परत आला. डोबी थर्डवर अडकला, रोझन फर्स्टवरच राहिला. त्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडला एकही धाव मिळाली नाही. दहाव्या इनिंगमध्ये मेजच्याच संघातल्या डस्टी ऱ्होड्सनं उजव्या कुंपणावरून होम रन मारून सामना ५-२ असा संपवला. ते कुंपण कोपऱ्यात २६० फुटांवरही नव्हतं. एकाचा चारशे फुटांचा फटका झेल, दुसऱ्याचा उंच झेलासारखा फटका होम रन : मैदानाचा आकार नीट पाहिल्याशिवाय क्षेत्ररक्षणावर बोलू नये ते यासाठी.

मेजच्या नावावर १२ गोल्ड ग्लव्ह आहेत. त्याची पहिली काही वर्षं पुरस्कार सुरू होण्याआधीची, नाहीतर आकडा वाढला असता. सेंटर फिल्डमध्ये निव्वळ वाचवलेल्या धावांत कुरासावचा अँड्रू जोन्स (१० गोल्ड ग्लव्ह) त्याच्याही पुढे निघतो. जोन्स खूप जवळ उभा राहायचा. समोर पडणारे चेंडू त्यामुळे सहज मिळायचे, आणि डोक्यावरून जाणाऱ्यांसाठी मागे पळण्याचा वेग अंगात होता. बॅटचा आवाज होताच पहिलं पाऊल योग्य दिशेला पडणार याची खात्री असेल तरच हे धाडस करावं. मुंबईच्या एकनाथ सोलकरनं हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभं राहून २७ कसोटींत ५३ झेल घेतले, त्यामागेही अशीच खात्री होती.

कॅचरचं नाव या वादात का येत नाही? – वाचक, कोल्हापूर

यायला हवं. बॅटरच्या मागे बसून पिचरचे चेंडू घेणाऱ्या या खेळाडूचं बरंचसं काम फार काळ मोजताच येत नव्हतं. बेसची चोरी, म्हणजे फटका न बसताच पुढच्या बेसवर पळणं, रोखणं तेवढं दिसायचं. इव्हान रॉड्रिगेझनं (१३ गोल्ड ग्लव्ह) बेस चोरू पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के पकडले. होम प्लेट ते सेकंड बेस अंतर १२७ फूट. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडल्यापासून सेकंडवर पोचेपर्यंत २ सेकंद म्हणजे सर्वसाधारण, १.९ म्हणजे उत्तम.

कडेचा चेंडू ग्लव्ह न हलवता, अलगद घेऊन अंपायरकडून ‘स्ट्राइक’ (बॅटरच्या विरोधातला निर्णय) मिळवणं ही दुसरी कला. चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यानं नोंदवायला लागल्यावर, म्हणजे २००८ च्या सुमारापासून, तिचं मोल धावांत मांडता आलं. जॉनी बेंचसारख्या जुन्या कॅचरना तो न्याय कधीच मिळणार नाही.

डावखुरा शॉर्टस्टॉप का दिसत नाही? – वाचक, फोंडा

फर्स्ट बेस शॉर्टस्टॉपच्या डावीकडे असतो. उजव्या हातानं फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआप तिकडे वळतो. डावखुऱ्याला पूर्ण गिरकी घ्यावी लागते, त्यात अर्धा सेकंद गेला की बॅटर सेफ. फर्स्ट बेसवर उलट डावखुरा सोयीचा. कीथ हर्नांडेझनं तिथे ११ गोल्ड ग्लव्ह मिळवले.

गंमत म्हणजे रॉबिन्सन जन्मजात डावखुरा होता, फेकायचा मात्र उजव्या हातानं. त्यामुळे ग्लव्ह त्याच्या तरबेज हातात असायचा. १९७० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीच्या ली मेचा चेंडू त्यानं थर्ड बेसच्या मागे उलट्या ग्लव्हनं अडवला आणि तोल फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या बाजूला जात असतानाच तिथून फेकून त्याला आउट केलं, त्यात या हाताचा वाटा असणार.

शाळेच्या सॉफ्टबॉल संघातल्या मुलांना यातलं काय शिकवता येईल? – क्रीडाशिक्षक, नाशिक

सूर मारणं शिकवू नका. ते शेवटी येतं.

पिचरच्या हातातून चेंडू सुटताना दोन्ही पायांवर हलकी उडी किंवा छोटं पाऊल, म्हणजे फटका बसताना टाचा जमिनीवर नसतील. ग्लव्ह आधी जमिनीला टेकवा आणि चेंडूच्या उसळीबरोबर वर आणा. वरून खाली आणायला गेलं की चेंडू पायांमधून जातो, आणि मुलांच्या निम्म्या चुका याच असतात. मोकळा हात ग्लव्हच्या वर, झाकणासारखा. चेंडू पोटाशी ओढायचा, डावा खांदा निशाण्याकडे, एक सरकतं पाऊल, मग फेक. डोकं आधी वर उचललं की चेंडू सुटतो. तो हातात येईपर्यंत नजर फर्स्ट बेसकडे जाऊ देऊ नका.

डबल प्लेसाठी (एकाच चेंडूवर दोघे आउट) बिल मॅझेरोस्कीचा धडा घ्या. सेकंड बेसवर १७०६ डबल प्लेंत भाग घेण्याचा विक्रम त्याचा. चेंडू तो ग्लव्हमध्ये धरत नसे, तळव्याला लागताच तो उजव्या हातात गेलेला असे. सरावासाठी जुन्या सपाट चपलेचा तळ किंवा पातळ लाकडी फळी हाताला बांधा. चेंडू त्यात अडकत नाही, त्यामुळे दुसरा हात जवळ आणावाच लागतो. टेनिस बॉलनं सुरुवात करा, वीस-वीस चेंडूंचे तीन फेरे पुरे.

आणि स्टॉपवॉच वापरा. बॅटला चेंडू लागल्यापासून फर्स्ट बेसवाल्याच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत मोजा. बेसबॉलच्या ९० फुटांना उजव्या हाताचा बॅटर साधारण ४.३ सेकंद घेतो. सॉफ्टबॉलचे ६० फूट चपळ मुलगी तीनेक सेकंदांत कापते. वेळ जास्त येत असेल तर दोष फेकीच्या जोरात शोधू नका. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ वेगळा मोजा, गळती बहुधा तिथेच सापडते.