जामीन झाला, पण माणूस आतच : आमचे २२ दिवस

जामीन मंजूर होऊन ११ दिवस झाले, भाचा अजून आतच आणि वकील नुसतं "जामीनदार आणा" म्हणताहेत, हे तुमचं लिहिलेलं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं. मारामारीची केस, पुण्यातलं कोर्ट. १५ हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, असा आदेश. आम्ही पेढे वाटले. भाऊ त्यानंतर २२ दिवसांनी घरी आला.

मी वकील नाही, प्रत्येक केस वेगळी, तेव्हा खालचं सगळं तुमच्या वकिलांना विचारूनच करा.

कागद कोणते लागतात ते तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. जामीनदार म्हणून आम्ही बीडकडच्या गावाहून मामांना बोलावलं. त्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. शिवाय आधारवर रामचंद्र आणि उताऱ्यावर रामभाऊ. कारकुनानं कागद परत सरकवले, "ऐपतीचा दाखला आणा." म्हणजे जामीनदाराची तेवढी ऐपत आहे असा सरकारी दाखला. मग त्या दाखल्यासाठी एका कार्यालयाच्या (नाव घेत नाही) सहा खेपा. कधी साहेब पंचनाम्याला गेलेले, कधी सर्व्हर बंद. पाचव्या खेपेला आमचा अर्ज मला टेबलावर कपबशीखाली दिसला, मामांच्या नावावर चहाचं गोल वर्तुळ. बोट दाखवलं तर बाई म्हणाल्या, "त्याची आवक नोंद व्हायचीय अजून." १४ दिवस झाले होते!

आणि ह्याची गरजच नव्हती. १५ हजार घरात होते. जामीन झाला त्याच दिवशी "जामीनदार देईपर्यंत तात्पुरता रोख जामीन भरू द्या, चार आठवडे मुदत द्या" असा अर्ज करायला हवा होता. आम्हाला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि पहिल्या वकिलांनी सुचवलं नाही. शेवटी दुसऱ्या वकीलबाईंनी अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला, दुपारी मंजूर, पैसे भरले, दुसऱ्या दिवशी भाऊ बाहेर. कोर्ट रोख मान्य करेलच असं नाही, पण मागायला काय जातं?

रोख रक्कमही नसेल तर जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज करा. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय) कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. आमच्याकडे सात दिवस उलटले तरी कुणी फिरकलं नाही, म्हणून वाट बघू नका, प्राधिकरणाच्या कार्यालयात स्वतः जा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याच्या जामिनाला २०२३ मध्ये ४० हजारांपर्यंत मदत होती. सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही, तिथेच विचारा.

स्थानिकच जामीनदार हवा हा हट्ट तर जुनाच. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्यासाठी त्याचा भाऊ जामीनदार राहायला तयार होता, तर मॅजिस्ट्रेटने त्याला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १० हजारांच्या जामिनाची अट काढून १ हजाराच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं. तरी आम्हाला २०२३ मध्ये "पुण्यातला कोणी नाही का?" हेच ऐकावं लागलं. घरमालकाने हात वर केले होते.

गंमत बघा, अमेरिकेत इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन बंदच केला, कारण पैसा नसलेला माणूस आत सडतो. इथे आम्ही पैसे हातात घेऊन "भरून घ्या हो" म्हणत होतो.

कोर्टाच्या फाटकाजवळच्या टपरीवर "जामीनदार पाहिजे का, कागद तयार आहेत" म्हणणारे भेटतील. नको. कागद खोटे निघाले तर एकाच्या दोन केसेस होतात.

रोख भरलीत तर पावती ज्याच्या नावाची त्यालाच पैसे परत मिळतात, म्हणून ती घरच्या माणसाच्या नावाने करा, वकिलाच्या कारकुनाच्या नावाने नाही. झेरॉक्सही काढून ठेवा, शाई उडते.

आदेशाची प्रत मिळाली असेल तर त्यात "स्थानिक" असा शब्द आहे का, तेवढं बघून इथे सांगा.