न विचारता बसलेला शोधक

प्रश्न : मी गेली पंधरा वर्षे मिरजेत डीटीपीचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल अशा हजारो फायली माझ्या संगणकात आहेत. संगणक जुना असून त्यात ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे, तरीही काम कधी अडले नव्हते. महिन्यापूर्वी पीडीएफ जोडण्यासाठी इंटरनेटवरून एक मोफत प्रोग्राम घेतला आणि त्याच दिवसापासून पडद्यावर एक अनोळखी शोधपट्टी दिसू लागली. आता संगणक सुरू केल्यावर अर्धा-अर्धा तास डिस्कचा दिवा विझत नाही आणि पानांची मांडणी करण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम उघडायलाही पाच मिनिटे लागतात. दुरुस्ती करणारे फॉरमॅट करा म्हणतात. तसे करावे का? ही पट्टी माझ्या ग्राहकांचा मजकूर बाहेर पाठवू शकते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फॉरमॅट करण्याची घाई करू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे संगणक म्हातारा झाल्याची नसून, एकाच डिस्कवर दोन शोधक, म्हणजे फायली शोधून देणारे प्रोग्राम, एकाच वेळी काम करत असल्याची आहेत.

विंडोजमध्ये स्वतःची शोधव्यवस्था असतेच. ती निवडलेल्या फोल्डरांतील फायली वाचून, पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दांची सूची तयार करून ठेवते, म्हणून शोधताना प्रत्येक वेळी सगळ्या फायली चाळाव्या लागत नाहीत. आपण काम करत असाल तेव्हा ती स्वतःचा वेग कमी करते, आणि एकदा सूची पूर्ण झाली की फक्त बदललेल्या फायलींकडे वळते. मोफत प्रोग्रामबरोबर आलेले शोधक इतका संयम पाळतीलच असे नाही. साध्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर वाचक-टोक एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावे लागते, त्यामुळे विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच वाचून होतात. त्यातच शोधकाने फाइल उघडली की अँटिव्हायरसही तीच फाइल तपासू लागतो. इतक्या गर्दीत पेजमेकरची पाळी पाच मिनिटांनी येते, यात नवल नाही.

दोन शोधकांच्या या भाराची तक्रार नवी नाही. गूगलने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘गूगल डेस्कटॉप’ हे शोधसॉफ्टवेअर आणले होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टातील शोधव्यवस्था बंद करणे अवघड असल्याने गूगल डेस्कटॉप चालवणाऱ्याचा संगणक मंदावतो, अशी तक्रार गूगलने अमेरिकेच्या न्याय खात्याकडे केली आणि २००७ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टात बदल करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज डेस्कटॉप सर्च या मायक्रोसॉफ्टच्याच शोधकाची ३.०१ ही आवृत्ती अनेक कार्यालयांतील संगणकांवर, तेथील व्यवस्थापकांनी तिला वेगळी मंजुरी दिलेली नसताना, आपोआप बसली. आधी दिलेली मंजुरी सुधारित आवृत्तीलाही लागू धरली गेल्याने हे घडले होते. माझ्या मते या दोन्ही प्रसंगांतील खरा प्रश्न वेगापेक्षा संमतीचा आहे : आपल्या फायली कोणी वाचायच्या, हे संगणकाच्या मालकाने ठरवायला हवे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, होय, असे आहे. जे सॉफ्टवेअर फायली वाचते आणि ज्याला इंटरनेटही उपलब्ध असते, त्याला मजकूर बाहेर पाठवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. २००६ मध्ये आलेल्या गूगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत तर अनेक संगणकांवर एकत्र शोध घेता यावा म्हणून फायलींच्या मजकुराच्या प्रती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याची सोयच होती. ती वापरकर्त्याने निवडली तरच चालू होई, तरीही अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ती वापरू नका असे जाहीरपणे सांगितले होते. आपल्याकडे लोकांची नावे, पत्ते आणि संस्थांचे हिशेब आहेत, तेव्हा ही पट्टी निघेपर्यंत इंटरनेटची जोडणी काढून ठेवावी.

ही पट्टी काढण्यासाठी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘डिस्क’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करावे, म्हणजे सर्वांत जास्त भार टाकणारा प्रोग्राम वर येईल. मग कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावून, त्या एकाच दिवशी बसलेल्या अनोळखी गोष्टी एकेक करून काढाव्यात. पीडीएफचा तो प्रोग्रामही ठेवू नये. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात पट्टीचे नाव उरले आहे का आणि ब्राउझरमध्ये तिचे एक्स्टेन्शन किंवा बदललेले शोधपान राहिले आहे का, हे मात्र आवर्जून पाहावे, कारण अर्धवट काढलेली पट्टी पुन्हा बसू शकते. पुढे कोणताही मोफत प्रोग्राम बसवताना ‘कस्टम’ हा पर्याय घेऊन आधीच खूण केलेल्या चौकटी रिकाम्या कराव्यात.

आता विंडोजच्या मूळ शोधकाविषयी, कारण आपल्या व्यवसायात एक वेगळीच अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (अक्षरे साठवण्याची आजची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसत असला, तरी फाइलमध्ये तो रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणूनच साठवलेला असतो. त्यामुळे आपण ‘शुभविवाह’ असा शब्द युनिकोडमध्ये टाइप करून शोधला, तर त्या फायली सापडणारच नाहीत. केवळ स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोधण्याजोगा मजकूर नसतो आणि पेजमेकरच्या फायली विंडोजचा शोधक मुळात आतून वाचत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक फायली नावानेच सापडणार आहेत. म्हणून ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून ‘मॉडिफाय’मधून जुन्या कामांचे फोल्डर वगळावेत आणि सध्याच्या कामाचे तेवढे ठेवावेत. शोधव्यवस्था पूर्ण बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण आउटलुकमध्ये ईमेल शोधणे त्यामुळे मंदावते, म्हणून मी तो देणार नाही.

नावाने शोधण्यासाठी ‘एव्हरीथिंग’ हा छोटा मोफत प्रोग्राम आपल्याला पुरेल. तो फायलींच्या आत डोकावत नाही, डिस्कवर आधीपासून असलेली नावांची नोंदच वाचतो, म्हणून जुन्या संगणकावरही त्याचा भार जाणवत नाही. फायलींना ‘नवीन१’, ‘फायनल२’ अशी नावे देण्याऐवजी ग्राहकाचे नाव, कामाचा प्रकार आणि वर्ष लिहिण्याची सवय ठेवली, तर जुनी पत्रिका क्षणात हाती लागेल.

आणि खर्च करायचाच असेल, तर तो फॉरमॅटवर न करता एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कवर करावा. तिच्यात फिरती तबकडी नसते, त्यामुळे विखुरलेल्या फायली वाचण्याची ही अडचण तिथे जवळजवळ उरतच नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवून घेता येते, फॉन्ट आणि प्रोग्राम पुन्हा बसवावे लागत नाहीत; मात्र त्याआधी सगळ्या कामांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी.