4363 ची बारीक रेषा आणि हरवलेला ऑक्सिजन

प्रश्न : स्लोन सर्वेक्षणाच्या संग्रहातून एका सेफर्ट-2 दीर्घिकेचा (म्हणजे सक्रिय केंद्रक असलेल्या, मधलं कृष्णविवर वायू गिळत असलेल्या दीर्घिकेचा) वर्णपट उतरवून घेतला. द्विआयनित (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनच्या 4363 आणि 5007 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या रेषांवरून तापमान 17,000 केल्विन आलं, ऑक्सिजन मात्र सूर्याच्या पाव भागाइतकाच. दीर्घिकेच्या केंद्रात तर तो जास्त हवा. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी 4363 तपासा. 4959 (हीही त्याच ऑक्सिजनची रेषा) आणि 5007 यांच्या तीव्रतेच्या बेरजेला 4363 च्या तीव्रतेने भागलं की विरळ वायूत 10,000 केल्विनला सुमारे 210 येतात, 15,000 ला फक्त 70. त्यामुळे ही बारीक रेषा जरा जास्त मोजली गेली की तापमान चढतं आणि ऑक्सिजन कोसळतो. 5007 आणि एच-बीटा या हायड्रोजनच्या रेषेचं प्रमाण तेच ठेवून 10,000 च्या जागी 15,000 घाला, द्विआयनित ऑक्सिजन जवळपास तिपटीने घटेल.

ती जास्त का मोजली जाते? मुख्य कारण शेजारी. हायड्रोजनचीच एच-गॅमा रेषा 4340 वर, म्हणजे अवघ्या 23 अँगस्ट्रॉमवर आहे. शिवाय 4359 वर लोहाची रेषा असते, ती तर 4363 च्या पोटातच शिरते. 4287 वर लोहाची रेषा दिसली, तर तिच्या सुमारे पाऊणपट तीव्रता 4359 ची धरून वजा करा. ताऱ्यांचा प्रकाश त्याआधीच वजा झालेला हवा, नाहीतर एच-गॅमाची शोषण-खळगी तळरेषा वाकवते. मग 5007 ची रुंदी 4363 ला (वेगाच्या एककात) बांधून द्या आणि फक्त उंची मोकळी सोडा. 5007 आणि 4959 चं प्रमाण 3 च्या आसपास येत नसेल, तर पुढे जाऊच नका. स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या असतात, तिथे 5007 ची रेषा 5008.2 ला मिळेल. धुळीच्या दुरुस्तीसाठी एच-अल्फा भागिले एच-बीटा 2.86 ऐवजी 3.1 धरणं सक्रिय केंद्रकांत रूढ आहे.

एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तर घनता पाहा. 6716 आणि 6731 या गंधकाच्या रेषा विरळ, कमी आयनित वायूची घनता सांगतात. 4363 मात्र घन सेंटिमीटरला दहा लाख इलेक्ट्रॉन असलेल्या दाट ढगांतूनही जोरात येते, आणि तिथे 5007 दबलेली असते. गुणोत्तर घटतं ते घनतेमुळे, आपण मात्र उष्णता समजून बसतो. आघातलहरींनी तापलेला वायूही असाच फसवतो.

द्विआयनित ऑक्सिजन म्हणजे एकूण ऑक्सिजन नव्हे. 3727 च्या ऑक्सिजन रेषेवरून एकआयनित (एकच इलेक्ट्रॉन गमावलेला) भाग मिळवा (त्याचं तापमान वेगळं, सहसा कमी), आणि 4686 ची हेलियम रेषा दिसत असेल तर त्याहून जास्त आयनित भागाची दुरुस्तीही करा. मगच ‘क्लाउडी’सारख्या, वायूचा वर्णपट गणिताने काढणाऱ्या संगणकीय प्रतिमानाशी तुलना करा. सक्रिय केंद्रकांत थेट पद्धतीचं (म्हणजे वरच्यासारखं रेषांवरून तापमान मोजून काढलेलं) उत्तर प्रतिमानापेक्षा कमी येणं नेहमीचंच आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.