वाचकांचे प्रश्न : कौन्सिल टॅक्सच्या वसुलीचं कंत्राट देताना काय तपासावं?

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलची नगरसेविका आहे. थकीत कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरांवरच्या स्थानिक कराच्या, वसुलीसाठी कंपनी नेमण्याचा प्रस्ताव समितीपुढे आलाय. ‘कौन्सिलला काहीही खर्च नाही’ असं टिपणात लिहिलंय. मग निविदेत तपासायचं काय?

उत्तर : खर्च आहे, तो थकबाकीदार भरतो. मॅजिस्ट्रेट कोर्टाकडून लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे देणं लागतं असा आदेश, मिळाली की कौन्सिल ते प्रकरण एन्फोर्समेंट एजंटकडे, म्हणजे पूर्वीच्या बेलिफकडे, देऊ शकते. त्याची फी कायद्यानेच बांधलेली आहे. २०१४ च्या नियमावलीत ती अशी ठरली : प्रकरण हाती घेतलं की ७५ पौंड, माणूस दारात गेला की आणखी २३५, जप्त केलेला माल विक्रीला काढला तर आणखी ११०. देणं १,५०० पौंडांच्या वर असेल तर नंतरच्या दोन टप्प्यांत वरच्या रकमेवर ७.५ टक्के वेगळे.

याचा परिणाम बघा. ३०० पौंड थकलेल्या माणसाच्या दारात एजंट जाऊन आला की देणं ६१० होतं. त्याने १०० भरले तर आधी ७५ फीत वळते होतात. उरलेले २५ मूळ देणं आणि २३५ ची फी यांत प्रमाणात वाटले जातात. कौन्सिलच्या खात्यात येतात जेमतेम १४ पौंड.

दर ठरलेला असल्यामुळे दराची चुरस नाही, सगळे गुण कामाच्या पद्धतीला. इथे बहुतेक समित्या वसुलीच्या टक्केवारीवर भुलतात. ती टक्केवारी थकबाकी किती जुनी आणि पत्ते किती बरोबर यावर हलते. दोन कौन्सिलांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा, शंभरातली किती प्रकरणं ७५ पौंडांच्या टप्प्यावरच मिटतात? दारात जाण्याआधी किती पत्रं, फोन, मेसेज जातात? हप्ते किती महिन्यांपर्यंत बांधून देतात? आजारी किंवा एकट्या माणसाचं प्रकरण कोण थांबवतं, आणि किती वेळात? एजंटला पगार आहे की फक्त कमिशन? या एजंटांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या एन्फोर्समेंट कंडक्ट बोर्डाची मान्यता आहे का? शरीरावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कौन्सिलला मागितल्यावर मिळेल का, हे करारातच हवं.

एकाच माणसावर दोन वर्षांच्या दोन ऑर्डर असतील तर त्या शक्यतो एकत्र हाताळायच्या, म्हणजे २३५ पौंड एकदाच लागतात. पण त्यासाठी कंपनीने नवं प्रकरण जुन्याशी जोडून पाहायला हवं. ही अट स्पष्ट लिहा.

बऱ्याच तक्रारी माहितीच्या देवाणघेवाणीतून येतात. माणूस थेट कौन्सिलकडे पैसे भरतो, कंपनीला आठवड्याने कळतं, मधल्या काळात एजंट दारात जाऊन येतो आणि २३५ पौंड चढतात. भरलेल्या पैशांची फाइल रोज कंपनीकडे गेली पाहिजे. ‘ब्रीदिंग स्पेस’ची, म्हणजे कर्जदाराला वसुलीपासून मिळणाऱ्या ६० दिवसांच्या उसंतीची, सूचना कौन्सिलकडे आली तर तीही त्याच दिवशी कंपनीकडे पोचली पाहिजे.

टिपणात कराराची किंमत शून्य दाखवली असेल तर ते परत पाठवा. २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या प्रोक्युअरमेंट ॲक्ट २०२३ (सरकारी खरेदीचा कायदा) मध्ये असा करार कन्सेशन, म्हणजे कंपनी आपली कमाई लोकांकडून वसूल करते असा करार, धरला, तर किंमत म्हणजे कंपनीला पूर्ण मुदतीत मिळू शकणारी एकूण रक्कम. मोठ्या कौन्सिलची ही रक्कम सहज मोठी होते.

प्रश्न : सामाजिक सेवेची बिलं आणि जुन्या भाडेकरूंची थकबाकी याच करारात घालावी का?

उत्तर : नको, निविदेत त्याचा वेगळा लॉट, म्हणजे वेगळा भाग, करा. त्या थकबाकीसाठी माल जप्त करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. साधी कलेक्शन एजन्सी पत्रं आणि फोन करते, आणि तिचं कमिशन कौन्सिलच्या पैशातून जातं. इथे दराची चुरस खरी असते. कमिशन प्रत्यक्ष जमा रकमेवरच द्या. बिल दुरुस्त केल्यामुळे कमी झालेल्या किंवा माफ केलेल्या रकमेवर नाही.

प्रश्न : मुदत संपताना हाती असलेल्या प्रकरणांचं काय?

उत्तर : हे निविदेतच ठरवा. सुरू असलेले हप्ते जुन्या कंपनीकडे पूर्ण होऊ द्या. बाकीची प्रकरणं ठरलेल्या तारखेला परत घ्या, प्रत्येकासोबत भेटींची आणि भरण्याची नोंद मागा. तीच प्रकरणं नव्या कंपनीकडे दिली तर ७५ पौंड पुन्हा बसू शकतात, म्हणून देण्याआधी लहान रकमा वेगळ्या काढा आणि त्यांना आधी कौन्सिलचंच पत्र जाऊ द्या.