पगार दहाला, हप्ता पाचला

कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी पैशांबद्दल लिहिलेल्या या खेपेच्या पत्रांत रक्कम कुणाचीच अवाढव्य नाही. पैसा येतो एका तारखेला आणि मागणारा दारात उभा राहतो दुसऱ्या तारखेला, दुखणं बहुतेकांचं हेच. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. थकबाकीदार समोर बसला की मी 'किती थकलंय' हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, 'पगार कितीला होतो?'

माझे मिस्टर शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहेत. पगार ३१ हजार, होतो दहा तारखेला. मी ब्लाऊज आणि फॉल-पिको करून पाच-सहा हजार मिळवते. घरभाडं साडेसात हजार. गाडीचा हप्ता ३,९०० रुपये, पाच तारखेला. अजून आठ हप्ते आहेत. पतसंस्थेचे १ लाख २० हजार बाकी, क्रेडिट कार्डाचे ४६ हजार, शिवाय भावाकडून उसने घेतलेले २० हजार. गाडीचा हप्ता दर महिन्याला बाउन्स होतो. आधी काय फेडू? भाऊ काही बोलत नाही, पण वहिनी बोलते. — राजारामपुरी

ताई, आधी तो बाउन्स थांबवा. बँकेचा दंड वेगळा आणि फायनान्स कंपनीचा वेगळा, दोन्हीकडचे उतारे काढा आणि वर्षभरात त्यात किती गेले ते स्वतःच्या हातानं लिहा. कंपनीकडे हप्त्याची तारीख पाचवरून बारा करण्यासाठी लेखी अर्ज द्या. नाहीच बदलून मिळाली तर एका पगारापुरती ओढाताण सोसून दहा तारखेला पुढच्या हप्त्याचे ३,९०० त्याच खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड देवघरात ठेवा. पैसे तेवढेच, फक्त पंचवीस दिवस आधी.

आता क्रम. सगळ्यात मोठं कर्ज पतसंस्थेचं, म्हणून सगळी धास्ती तिची घेतात. पण तिचं व्याज द.सा.द.शे. १४ धरलं तर १ लाख २० हजारांवर महिन्याला १,४०० रुपये होतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. ४६ हजारांवर १,६१० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९०० रुपये. कर्ज निम्म्याहून कमी आणि व्याज जास्त! तुम्ही 'किमान रक्कम' भरत असाल, पाच टक्क्यांनी २,३०० रुपये, तर त्यातले फक्त ४०० मुदलात जातात. या चालीनं ते कार्ड तुमच्या मुलाच्या लग्नापर्यंत पुरेल.

म्हणून पतसंस्थेचा हप्ता ठरल्याप्रमाणे चालू ठेवा आणि हातात उरेल तो प्रत्येक रुपया कार्डावर टाका. बँकेला विचारून कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळते का बघा. प्रक्रिया शुल्क किती ते आधी विचारा. आणि त्या कार्डावर आता काडेपेटीसुद्धा घेऊ नका. मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू होतो. आठ महिन्यांनी गाडी फिटली की ते ३,९०० सुद्धा कार्डाकडे वळवा. घरात 'आता जरा सुटलो' म्हणून नवा फोन यायच्या आत.

भावाचं मात्र मी गणितात बसवणार नाही. व्याज शून्य आहे, म्हणून शेवटी ठेवा असं कागद सांगतो. तुम्ही दर पंधरा तारखेला हजार रुपये पाठवा, न चुकता. रक्कम लहान चालेल, तारीख हलायला नको. वहिनीचं बोलणं दोन महिन्यांत थांबेल आणि राखीपौर्णिमेला ताठ मानेनं जाल.

रविवारचं मटण बंद करायचं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कोल्हापुरात राहून असला सल्ला द्यायची माझी छाती नाही. एक रविवार आड करा, आणि पाहुण्यांना बोलावताना आधी एकमेकांना विचारा.

आमचा दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. पैसा येतोय पण राहीना. जूनमध्ये पोरांची फी आली की हात पसरावा लागतो. दुकानदाराची उधारी ऊसबिलावर. महिन्याचं बजेट कसं करायचं? — कागल तालुका

तुमच्या घरात महिना नावाची गोष्टच नाही, मग महिन्याचं बजेट बसणार कसं? दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, ऊसबिल वर्षातून एकदा, तेही तुकड्यांनी, आणि दिवाळीला दुधाचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची जादा रक्कम. पगारदाराची वही तुम्हाला उपयोगाची नाही.

दुधाच्या पैशातून पेंड, वैरण, गॅस, तेल-मीठ. दहा दिवसांचं बिल दहा दिवसांतच पुरवायचं. म्हैस आटली की हे गणित कोसळतं, म्हणून दोन्ही एकदम गाभण राहणार नाहीत एवढं बघा; हाही बजेटचाच भाग आहे. ऊसबिल स्वयंपाकघरात आणायचंच नाही. त्यातून गावच्या सोसायटीच्या पीक कर्जाची कपात झाल्यावर जे हातात येतं, त्यातून त्याच आठवड्यात जूनची फी, खताचे पैसे आणि विम्याचा हप्ता वेगळा काढा आणि गरजेच्या तारखेला सुटेल अशी छोटी ठेव करा. खात्यात मोकळा पडलेला पैसा गावजेवणाला पुरतो, फीला पुरत नाही.

ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वही मात्र आदेशावर आखू नका, गेल्या तीन वर्षांच्या पासबुकावर आखा. बिल प्रत्यक्षात कधी जमा झालं त्या तारखा तिथे आहेत.

सोसायटीच्या पीक कर्जाची मुदत सचिवांकडून कागदावर लिहून घ्या. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याजसवलतीमुळे शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की ती सवलत जाते. जगात दुसरं बिनव्याजी कर्ज फक्त माहेरी मिळतं, म्हणून ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

दुकानदाराची उधारी आधी तोडा. तिचं व्याज कुठं लिहिलेलं नसतं, ते तूरडाळीच्या भावात असतं. बिल मिळालं की एकदा सगळी चुकती करा आणि पुढं दुधाच्या बिलावर रोख. दिवाळीचा फरक? तो हातात पडेपर्यंत धरायचाच नाही. फरकाच्या भरवशावर आधीच घेतलेला टीव्ही मी बऱ्याच घरांत पाहिलाय.

मेहुणा पतसंस्थेतून तीन लाख काढतोय. मला जामीन राहा म्हणतो. नाही म्हटलं तर बायको रुसेल. — कळंबा

बायको महिनाभर रुसेल, जामीनकी पाच वर्षं चालेल. जामीन म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार, असा आपल्याकडे गोड समज आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला की कर्जदार सापडत नसेल तर ती पगारदार जामीनदाराकडे येते. ती चूकही नव्हे, पगार सापडायला सोपा असतो. मेहुण्याचा हप्ता सहा महिने स्वतः भरायची ऐपत आणि तयारी असेल तरच सही करा. नसेल तर जमतील तेवढे पंधरा-वीस हजार परत मिळतील ही आशा न धरता द्या. स्वस्त पडेल.

कार्डाचं कर्ज फेडायला सासूबाईंचा साज मोडावा का? हे म्हणतात तारण ठेवू. — मंगळवार पेठ

साज मोडू नका. भावनेपोटी म्हणत नाही. जुन्या साजाच्या मण्यांत आणि पानांत आतून लाखेचा भराव असतो. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, वजन करताना तो वजा होतो आणि घडणावळ तर केव्हाच गेलेली असते. मोडायचंच असेल तर वळं किंवा बिनखड्याची पाटली मोडा, त्यात घट कमी.

तारण ठेवणं गणितात बरोबर आहे. बँकेचं सोनेतारण महिन्याला टक्क्याच्या आसपास पडतं, कार्ड साडेतीन टक्क्यांनी. पण व्याज दरमहा भरायची सोय असलेलं कर्ज घ्या. वर्षाअखेरीला मुद्दल आणि व्याज एकदम भरायची योजना घेतली तर वर्षभर कुणी आठवण करत नाही आणि मग लिलावाची नोटीस येते. सोडवायची तारीख आजच ठरवा. आणि सगळ्यात आधी सासूबाईंना विचारा. साज त्यांचा आहे. पत्रात त्यांचं मत काय, हे तुम्ही दोघांनीही लिहिलेलं नाही.

भिशी चांगली की आवर्ती ठेव? — उचगाव

गल्लीतल्या दहा ओळखीच्या बायकांची, लिलावाशिवायची, भांडी किंवा फी यासाठीची भिशी चांगली, शिस्त लागते. ज्या भिशीत 'जादा मिळतं' असं सांगतात, तिथून घरी जा.

घरकर्ज २० लाख, ९ टक्के, २० वर्षं. दोन वर्षं झाली. हप्ता १७,९९५. बोनसचे ६० हजार आलेत. कर्जात भरू की ठेव करू? — शाहूपुरी

तुमच्या पहिल्या हप्त्यातले १५,००० व्याजात गेले आणि २,९९५ मुदलात. सुरुवातीची वर्षं अशीच असतात, म्हणून आता भरलेला जादा रुपया पंधराव्या वर्षी भरलेल्यापेक्षा खूप जास्त काम करतो. अगदी सुरुवातीपासून दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं. तुमचं कर्ज वैयक्तिक आणि बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतपूर्व फेडीवर बँकेला दंड लावता येत नाही.

पण तुम्ही शाहूपुरीतले. २०१९ आणि २०२१ ला महापुराचं पाणी कुठवर आलं हे मला सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की आपण इशारा पातळी म्हणतो, ४३ ला धोका. तेव्हा फ्रीज वरच्या मजल्यावर जातो आणि काहींचं काम पंधरा दिवस बंद पडतं. हप्त्याची तारीख मात्र पाण्यात बुडत नाही. जून संपायच्या आत तीन हप्त्यांइतके, म्हणजे ५४ हजार, मोडता येतील अशा ठेवीत हवेत. आधीच असतील तर ६० हजार पूर्ण कर्जात भरा. नसतील तर यंदा ठेव, पुढचा बोनस कर्जात.

आणि भरताना अर्जावर स्पष्ट लिहा: 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' तोंडी सांगून येऊ नका. पोच घ्या आणि महिनाभरानं नवा परतफेडीचा तक्ता मागून शेवटची तारीख तपासा.