वळूची पारख वहीत होते

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. संगमनेर तालुक्यात आपल्याकडे चौदा संकरित गाई आहेत, कन्या यंदा बारावीत गणित व जीवशास्त्र दोन्ही घेऊन शिकते आहे आणि तिला ‘जातिवंत गाई तयार करण्याच्या’ क्षेत्रात जायचे आहे, असे आपण लिहिता. त्यासाठी पशुवैद्यकाची पदवी घ्यावी की कृषीची, आणि मुळात कृत्रिम रेतन (वळूचे साठवलेले वीर्य वापरून गाय गाभण करणे) शिकायला एवढी वर्षे कशाला घालवायची, असे आपले दोन प्रश्न आहेत.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात एक गैरसमज आहे. कृत्रिम रेतन हे हाताचे कौशल्य असून गावोगावी रेतन करणारे तंत्रज्ञ तयार करणाऱ्या ‘मैत्री’ या सरकारी योजनेतील तंत्रज्ञांना ते तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. कोणत्या वळूच्या रेतमात्रा वापरायच्या, हे ठरवणे मात्र निराळेच शास्त्र आहे. वळू दूध देत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्यापासून झालेल्या गाईंच्या दुधावरून करावी लागते. रेतनानंतर नऊ महिन्यांनी कालवड जन्मते, ती अडीच-तीन वर्षांनी विते आणि तिच्या पहिल्या वेताचे सुमारे दहा महिन्यांचे दूध मोजून होईपर्यंत चार-साडेचार वर्षे गेलेली असतात. त्यातही गाईगाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्याचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच आनुवंशिक असतो. उरलेला चारा, ऋतू, आजारपण आणि गोठ्याची निगा यांतून येतो. गाभण राहण्याच्या गुणात तर आनुवंशिकतेचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. हे सगळे वेगळे काढून वळूचे मोल ठरवायचे, तर असंख्य गोठ्यांच्या नोंदी आणि पक्की सांख्यिकी लागते.

मध्यंतरी या शास्त्राने मोठी उडी घेतली. जन्मलेल्या वासराच्या डीएनएवरूनच त्याच्या गुणवत्तेचा अंदाज बांधण्याची पद्धत २००१ मध्ये मांडली गेली आणि अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन या दुधाळ गाईच्या जातीसाठी ती अधिकृतपणे वापरात आली. आपल्याकडच्या गाई-म्हशींचा डीएनए तपासण्यासाठी तयार केलेल्या ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ यांचे अनावरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात, वाशीम येथे झाले. चिप मात्र स्वतःहून काही सांगत नाही. गोठ्यांतून नीट मोजलेल्या दुधाशी ती ताडून घ्यावी लागते, आणि आपल्या देशात उणीव आहे ती अशा नोंदींचीच.

म्हणूनच आपण थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिलेली ओळ मला सर्वांत मोलाची वाटली: मुलगी अभ्यास सोडून रोज प्रत्येक गाईचे दूध वहीत उतरवत बसते. गाईंचा लळा अनेकांना असतो, नोंदींचा फार थोड्यांना.

आता पदवीविषयी. माझा कौल पशुवैद्यकाकडे आहे. ‘नीट’मधून प्रवेश मिळाल्यास शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर येथील महाविद्यालये आहेत, अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असतो. पुढे पशुआनुवंशशास्त्र व पैदासशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या संस्थांत किंवा करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत घेता येते. हा मार्ग सुचवण्याचे कारण व्यवहारी आहे: निव्वळ पैदासशास्त्राची पदे देशभरात मोजकी आहेत, आणि पशुवैद्यकाची नोंदणी हातात असेल तर पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा अथवा स्वतःचा व्यवसाय हे रस्ते खुले राहतात. ‘नीट’ न जमल्यास कृषी पदवीही वाया जाणारी नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पशुविज्ञानात पुढे जाता येते, आणि ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तिथलीच आहे. उपचार करण्याचा परवाना मात्र त्या वाटेने मिळणार नाही.

एक विनंती आग्रहाने करतो. ‘नीट’मध्ये गणित नाही म्हणून शिकवणीवाले ते सोडायला सांगतील, तिला सोडू देऊ नका.

दिवाळीच्या सुटीत तिला त्याच वहीतून एक तक्ता करायला सांगावे: प्रत्येक गाईचे पहिल्या वेताचे दूध, तिच्या आईचे पहिल्या वेताचे दूध आणि ज्या वळूपासून ती झाली त्याचा क्रमांक, एका ओळीत शेजारीशेजारी. वळूचे क्रमांक आपल्याकडे लिहिलेले नसतील, तर रेतन करणाऱ्या तंत्रज्ञाकडच्या नोंदी तिने स्वतः जाऊन मागाव्यात. तक्ता झाला की मला पाठवावा. रिकाम्या राहिलेल्या रकान्यांसह.

आपला,
करिअर मार्गदर्शक